वय गड्ड्यापासून मोजा

पत्र: "डॉक्टरताई, मी सोलापुरात विडी घरकुलात राहते. वय ५६. माझ्या लेकीला सातव्या महिन्यात बीपी वाढून १७०/११० झालं. त्याआधी आठ दिवस तिचं डोकं दुखत होतं, पाय आणि तोंड सुजलं होतं. 'पोटुशी बाईला सूज येतेच, मीठ कमी खा' असं मी म्हटलं आणि कपाळाला बाम चोळला. मग डोळ्यापुढं काजवे चमकायला लागले तेव्हा रिक्षा करून दवाखान्यात नेलं. आकडी येऊ नये म्हणून इंजेक्शनं दिली, तेव्हा ती अंग भाजतंय म्हणून ओरडत होती. तिसऱ्या दिवशी सिझर झालं. नात झाली, १ किलो ५० ग्रॅमची. ३८ दिवस काचेत होती. आता साडेचार महिन्यांची आहे. शेजारची तेवढ्याच वयाची पोर पालथी पडते, खिदळते. आमची आत्ता कुठं हसायला लागली, मान नीट धरत नाही. जाऊबाईंची सून म्हणते, बीपीनं बाळाच्या मेंदूला मार बसतो, अशी पोरं मंद होतात. लेक कुणाशी बोलत नाही, बाळाला घ्यायला भिते. माझ्या त्या आठ दिवसांमुळं पोरीचं वाटोळं झालं का? खरं काय ते सांगा."

मावशी,

पत्रासोबत डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जोडलीत, हे फार चांगलं केलंत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतेच, पण त्याआधी एक काम आहे. कार्डाच्या मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात कुणीतरी घाईघाईत लिहिलंय: "डोळे – परत २ आठवड्यांनी." त्याखाली ना दुसऱ्या तपासणीची तारीख, ना सही. म्हणजे एकदा डोळे दाखवले आणि पुढचं राहून गेलं, असं मी समजते. हे पत्र वाचून झालं की उद्या सकाळी बाळाला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. साध्या चष्म्याच्या तपासणीचं हे काम नाही, पडदा बघणारे डॉक्टर लागतात. ज्या दवाखान्यात बाळ होतं तिथेच विचारा, ते पत्ता देतील.

३४ आठवड्यांच्या आधी किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलेलं बाळ असेल, तर त्याच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्या पूर्ण पसरलेल्या नसतात. बाहेर आल्यावर त्या कधीकधी वेड्यावाकड्या वाढतात, पडदा ओढतात आणि नजर कायमची जाऊ शकते. म्हणून जन्मापासून ३० दिवसांच्या आत पहिली तपासणी करायची आणि 'पडदा आता पूर्ण तयार झाला' असं डॉक्टर सांगेपर्यंत सांगितलेल्या तारखेला जात राहायचं. बऱ्याच बाळांचं आपोआप नीट होतं. ज्यांचं होत नाही, त्यांना लेसर किंवा इंजेक्शन थोड्या दिवसांच्या आतच द्यावं लागतं. बाहेरून डोळा अगदी स्वच्छ दिसतो, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. नात तुमच्याकडे बघून हसते, हे छानच आहे. पण एकाच डोळ्याने दिसत असलं तरी बाळ हसतं. काहीही गृहीत धरू नका.

कानांची तपासणीही कार्डावर दिसत नाही. काचेत राहिलेल्या बाळांची 'बेरा' नावाची चाचणी करतात, झोपलेल्या बाळाच्या डोक्याला छोटे चिकटे लावून. तीही याच महिन्यात उरकून घ्या. ऐकू कमी येत असेल तर बोलणं मागे पडतं, आणि मग लोक त्यालाच मंद म्हणतात.

आता वयाचं. कार्डावर बाळंतपणाची अपेक्षित तारीख आहे १४ जानेवारी. म्हणजे ही पोर संक्रांतीला यायची होती, होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरलेली असताना. आली नोव्हेंबरात, पूर्ण नऊ आठवडे आधी. शेजारची मुलगी नऊ महिने पोटात राहून मग साडेचार महिने जगात राहिली. तुमची नात त्या साडेचारातले दोन महिने खरं तर आईच्या पोटात असायची होती. तिची वाढ बघताना वय मोजायचं ते गड्ड्यापासून. त्या हिशेबाने ती आज अडीच महिन्यांची आहे. अडीच महिन्यांचं बाळ काय करतं? ओळखीच्या तोंडाकडे बघून हसतं, पालथं ठेवलं तर थोडा वेळ डोकं वर उचलतं, नजर फिरवतं. मान भक्कम व्हायला चौथा महिना उजाडतो. पालथं पडणं त्याच्याही पुढचं. तुम्ही जे लिहिलंय त्यात तरी मला मागे पडलेलं बाळ दिसत नाही, लवकर आलेलं बाळ दिसतं. डॉक्टर याला करेक्टेड वय म्हणतात आणि दोन वर्षांपर्यंत तेच धरतात. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या. तिथे नऊ आठवडे वजा करायचे नाहीत, ही गल्लत फार घरांत होते.

तुम्ही खरं विचारलंय, म्हणून बीपीचंही सगळं सांगते.

या आजाराचं मूळ वारेत, म्हणजे पोटातल्या बाळाला नाळेतून पोषण पुरवणाऱ्या भागात असतं. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाशयातल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद व्हायला हव्यात, म्हणजे वारेला भरपूर रक्त मिळतं. काही बायकांत त्या हव्या तेवढ्या रुंद होत नाहीत. उजनीच्या कालव्याची चारी गाळाने भरली की टेलच्या रानाला पाणी पोहोचत नाही, तसं समजा. धरणात पाणी आहे, पण शेवटच्या वाफ्यापर्यंत येत नाही. मग ही तहानलेली वार आईच्या रक्तात अशी द्रव्यं सोडते की तिच्या सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्या बिघडतात. २० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० च्या वर जातं, लघवीतून प्रथिनं जातात, डोकं दुखतं, डोळ्यांपुढे काजवे येतात, लिव्हर आणि किडनीवर ताण पडतो. वार बाहेर काढणं हाच या आजारावरचा खरा इलाज, आणि वार काढायची म्हणजे बाळही काढावं लागतं. लेकीचं सिझर इतक्या लवकर झालं ते त्यामुळे. आणखी थांबले असते तर तिला आकडी येऊ शकली असती, दोघींच्याही जिवावर बेतू शकलं असतं.

म्हणजे बाळावर दोन बाजूंनी भार आला. एक, ती नऊ आठवडे आधी आली. दुसरं, आत होती तेव्हाही तिला पोटभर मिळत नव्हतं. ३१ आठवड्यांच्या बाळाचं वजन साधारण दीड किलोच्या आसपास असतं, हिचं एक किलो पन्नास ग्रॅम भरलं. पाणी कमी पडलं की सांगोल्याकडचा शेतकरी काय करतो? आधी डाळिंबाची बाग वाचवतो, बाकीचं रान कोरडं सोडतो. पोटातलं बाळही तसंच करतं. आहे तेवढं रक्त मेंदूकडे आणि हृदयाकडे वळवतं, आतड्यांना आणि हातापायांना कमी देतं. म्हणून ही बाळं बारीक असतात पण डोकं त्या मानाने मोठं दिसतं. आणि म्हणूनच पहिले काही दिवस तिचं दूध थेंबाथेंबाने वाढवलं. तुम्हाला तेव्हा वाटलं असेल की पोरीला उपाशी ठेवलंय. आतड्यांना सवय नसताना एकदम दूध घातलं तर ती सुजतात, कुजूही शकतात, म्हणून तशी काळजी घेतात.

कार्डावर प्लेटलेट ८२ हजार आणि पांढऱ्या पेशी कमी असं लिहिलंय, त्याला लाल पेनाने गोल केलाय. त्याचंही मूळ तेच. प्राणवायू कमी मिळतो म्हणून बाळाच्या हाडांतला रक्त तयार करणारा मगज तांबड्या पेशी करण्यात गुंततो, बाकीच्या पेशी मागे पडतात. पांढऱ्या पेशी बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत वर येतात, प्लेटलेट आठ-दहा दिवसांत. दहाव्या दिवसाच्या रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे नीट आहेत, तो विषय संपला.

अंग भाजल्यासारखं करणारी ती इंजेक्शनं मॅग्नेशियम सल्फेटची. त्याने अंगात आग होते हे खरं. पण त्या औषधाने आकडीचा धोका निम्म्याहून जास्त कमी होतो. २००२ साली मॅगपाय नावाच्या मोठ्या अभ्यासात, ज्यात अनेक देशांतल्या १० हजार बायका होत्या, हे पक्कं झालं. शिवाय इतक्या लवकर जन्मणाऱ्या बाळाच्या मेंदूलाही त्याचा आधार मिळतो, पुढे हातपाय आखडण्याचा आजार होण्याची शक्यता कमी होते. बाळ पहिला दिवसभर थोडं सुस्त राहू शकतं, एवढंच. फुप्फुसं तयार व्हावीत म्हणूनही लेकीला इंजेक्शनं दिलेली दिसतात, आणि त्यांना काम करायला वेळ मिळावा म्हणून दोन दिवस थांबून तिसऱ्या दिवशी सिझर केलं. त्या दवाखान्यातल्या लोकांनी पोरीसाठी जे करायला हवं होतं ते केलंय, हे मला कार्डावरून दिसतं.

आता जाऊबाईंच्या सुनेचं म्हणणं. 'अशी मुलं मंद होतात' हे खरं नाही. धोका मुळीच नाही असंही मी म्हणणार नाही. एवढ्या लवकर आलेली बहुसंख्य मुलं चालतात, बोलतात, शाळेत जातात. तेवढ्याच आठवड्यांना जन्मलेल्या इतर मुलांशी तुलना केली तर बीपीवाल्या आईच्या मुलांमधला फरक बराच पुसट होतो. काही अभ्यासांत तर हातपाय आखडण्याचा आजार त्यांच्यात कमी आढळला, कारण इतर बाळांपैकी बरीच पोटातल्या जंतुसंसर्गामुळे लवकर आलेली असतात आणि तो संसर्ग मेंदूला जास्त त्रास देतो. पोटात वाढ अडलेल्या बाळांपैकी काहींना पुढे बोलायला उशीर होतो, लक्ष लागत नाही, शाळेत गणित जड जातं. कुणाला होईल हे आज कुणीच सांगू शकत नाही. सांगता येतं ते एवढंच, की जिच्याकडे लक्ष आहे त्या मुलीचं मागे पडणं लवकर दिसतं, आणि लवकर दिसलं तर व्यायामाने आणि बोलण्याच्या सरावाने बरंच भरून निघतं. पहिल्या दोन वर्षांत मेंदू ओल्या मातीसारखा असतो.

म्हणून दर महिन्याला वजन, लांबी आणि डोक्याचा घेर कार्डावर लिहून घ्या. माझी नजर सगळ्यात आधी घेरावर जाते. तिन्ही रेघा वर सरकत असतील तर बारीक असण्याची चिंता करू नका. गुटगुटीत करायच्या नादात वरचं दूध, साखर, बिस्किटं चारायची नाहीत. बीपीवाल्या आईच्या मुलांचं बीपी मोठेपणी इतरांपेक्षा थोडं वरच्या बाजूला असतं, त्यात लठ्ठपणाची भर नको. डॉक्टरांकडे लगेच जायचं ते अशा वेळी: गड्ड्यापासून तीन महिने झाले तरी नजर लावत नाही, चार महिने झाले तरी मान लटकते, मुठी सतत घट्ट, पाय कात्रीसारखे ताठ, एकच हात हलवते, किंवा एकदम दचकल्यासारखे झटके पाठोपाठ येतात. झटक्यांसाठी मात्र तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं.

तुम्ही पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय की शी काळी होते म्हणून लोखंडाचे थेंब बंद केले. आज सुरू करा. बाळाचं लोह बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून येतं. तुमच्या नातीला ते महिने पुरे मिळाले नाहीत आणि मिळाले तेही उपाशी वारेतून. मेंदूच्या वाढीला लोह लागतंच. थेंबांनी शी काळी होणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. किती थेंब ते आजच्या वजनावर डॉक्टरांकडून नव्याने लिहून घ्या, डी जीवनसत्त्वाचेही चालू ठेवा. दूध अंगावरचंच. अजून अंगावर ओढताना दमते असं लिहिलंय, तर दूध काढून बोंडल्याने पाजा. बाटली नको. तुमच्या पिढीला बोंडलं वापरता येतं, ते लेकीला शिकवा. प्रत्येक वेळी उकळलेलं असावं. बीपीच्या गोळ्या चालू आहेत म्हणून दूध तोडायचं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बाळंतिणीला ज्या गोळ्या सहसा देतात, त्या घेत असतानाही अंगावर पाजता येतं. मध, गुटी, साखरपाणी काही नको. आणि धुरी बंद. ओवा-वावडिंगाची असो की उदाची, या बाळाची फुप्फुसं कोवळी आहेत, तिला धूर सोसत नाही.

विड्यांचंही बोलते, रागावू नका. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी पोर झोपलेली, हे दृश्य मी आपल्या भागात कितीतरी घरांत पाहिलंय. पोट त्याच्यावर चालतं हे मला माहीत आहे. पण सूप दुसऱ्या खोलीत न्या, खोली एकच असेल तर दाराबाहेर ओट्यावर. काम संपलं की हात कोपरापर्यंत साबणाने धुवा, पातळ बदला, मगच नातीला घ्या. घरात कुणी विडी ओढत असेल तर घराबाहेर, तेही पोरीला लगेच जवळ न घेता.

आता सगळ्यात सुंदर उपाय, ज्याला एक रुपया लागत नाही. दवाखान्यात शिकवलं असेल: बाळाला फक्त लंगोट आणि टोपी घालून आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवायचं. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या कमी पडल्या म्हणून डॉक्टरांनी ही कांगारू पद्धत सुरू केली. आता जागतिक आरोग्य संघटना कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठी तीच सांगते, रोज ८ ते २४ तास. तुमची नात आता एवढा वेळ टिकणार नाही, वळवळ करून उतरेल. तरी दिवसातून तासभर आईच्या छातीवर राहू द्या. आपल्या एप्रिलच्या उन्हात लोकरीची टोपी आणि वर चादर गुंडाळायची नाही, घामाने बाळ हैराण होतं. खिडकी उघडी, पंखा हळू, अंगावर सुती झबलं पुरे. आणि जागी असेल तेव्हा जमिनीवर चादर अंथरून तिला पालथं ठेवा, तुम्ही समोर पालथ्या पडा, तोंडासमोर तोंड धरून बोला. दिवसातून चार-पाच वेळा, दोन-दोन मिनिटं. मान अशीच धरेल. काय बोलायचं? काहीही. भाकरी थापताना जे बोलता तेच. झोपली की मात्र उताणीच ठेवायची.

तुमचे ते आठ दिवस. मावशी, मी खोटा दिलासा देणार नाही. आठ दिवस आधी बीपी मोजलं असतं तर गोळ्या लवकर सुरू झाल्या असत्या, कदाचित बाळाला पोटात थोडे दिवस जास्त मिळाले असते, कदाचित नसतेही. पण आजार तुमच्या बामाने झाला नाही, मिठाने झाला नाही, लेक काम करत होती म्हणूनही नाही. वारेत तो कितीतरी महिने आधी सुरू झाला होता. पायावर थोडी सूज बऱ्याच गरोदर बायकांना येते, हेही खरंच आहे. तोंड आणि हात एकदम सुजणं, न थांबणारी डोकेदुखी, काजवे, बरगड्यांखाली दुखणं, ही खूण वेगळी असते, आणि ती तुम्हाला कुणी सांगितली नव्हती. आता तुम्हाला माहीत आहे. गल्लीत कोण गरोदर आहे ते तुम्हाला आशाताईंच्या आधी कळतं. त्यांना सांगा.

लेकीची मला बाळापेक्षा जास्त काळजी वाटते. ती स्वतः मरणाच्या दारातून आली, मग महिनाभर काचेबाहेर उभी राहिली. बाळाला घ्यायला भिणं, न बोलणं, रात्री झोप न लागणं, हा आजार असू शकतो आणि तो बरा होतो. तिला डॉक्टरांकडे न्या. आधी फोनवर बोलायचं असेल तर सरकारचा टेलिमानस नंबर आहे १४४१६, पैसे लागत नाहीत. जीव नकोसा वाटतो असं काही बोलली तर तिला एकटीला सोडू नका, त्याच दिवशी न्या. तिच्यासमोर 'त्या आठ दिवसांबद्दल' रडू नका. तुम्ही स्वतःला दोष दिलात की ती तिच्या अंगाला दोष देते. बीपी या आठवड्यातच मोजून घ्या, आणि पुढे जन्मभर वर्षातून निदान एकदा. ज्यांना हा आजार होऊन गेला त्यांना पुढे बीपीचा आणि हृदयाचा त्रास इतरांपेक्षा जास्त होतो. पुढचं मूल दोन वर्षांनी, आणि दिवस गेल्या गेल्या पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हे कार्ड दाखवायचं. १२ आठवड्यांपासून ॲस्पिरिनची छोटी गोळी सुरू करतात, त्याने हा आजार पुन्हा लवकर होण्याचा धोका बराच कमी होतो. डॉक्टरांनी सांगितल्यावरच, मनाने नाही.

खर्चाचं लिहिलंय. सरकारी दवाखान्यात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचा उपचार मोफत आहे. आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंत तपासणी आणि व्यायामोपचार मोफत होतात. आशाताईंना 'डीईआयसी' (लहान मुलांची वाढ तपासून लवकर उपचार करणारं जिल्ह्याचं सरकारी केंद्र) एवढंच म्हणा, कुठे जायचं ते त्या सांगतील.

लसीच्या कार्डावर नातीच्या नावाखाली मोठ्या अक्षरात "१४ जानेवारी" लिहून ठेवा, म्हणजे पुढचं कुणी 'अजून बसत नाही का?' विचारलं की बोट ठेवता येईल. डोळ्यांचे डॉक्टर काय म्हणाले ते मला दोन ओळींत कळवा. मी वाट बघते.